चौथा आलेला भाऊ

"ताई, हा फोटो कशाला आणलास?" भावाने दबक्या आवाजात विचारलं.

"कशाला म्हणजे? बघू दे की लोकांना," म्हणत तिने पिशवीतून फ्रेम काढली, रुमालाने काच पुसली आणि मंचावरच्या टेबलावर, पदकाच्या डबीशेजारी उभी करून ठेवली.

सव्वीस वर्षं ती ही काच पुसत आली होती. दोनशे किलोमीटरच्या शर्यतीची अंतिम रेषा, चिखलाने माखलेले तीन सायकलस्वार आणि त्यांच्यामागे अगदी सायकलभर अंतरावर तिचा भाऊ. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. पुढचं सगळं हिने केलं. त्याच्या जर्सीवरचा नंबरसुद्धा ती हाताने शिवायची. पिना टोचतात, आणि टोचलं तरी हा सांगायचा नाही, म्हणून.

त्या दिवसापासून गल्लीत त्याचं नाव 'चौथ्या' पडलं. पुढच्याच वर्षी त्याने शर्यती सोडल्या आणि सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. लोक चिडवायचे, "चौथ्या, आमचं पंक्चर तरी पहिल्या नंबरात काढ!" तो हसून सोडून द्यायचा. ती मात्र खिडकीतून सुनावायची, "त्या तिघांनी काय काय टोचून घेतलं होतं, देव जाणे. माझा भाऊ चौथा आला, पण स्वतःच्या पायांवर आला!" ती असं म्हणाली की तो खाली मान घालून हातांचं ऑइल पुसत बसायचा. स्वभावच लाजाळू, असं तिला वाटायचं.

आणि आता तिचंच खरं झालं होतं. जपून ठेवलेल्या जुन्या बाटल्या नव्या यंत्रांवर तपासल्या गेल्या. तिघांच्याही लघवीत उत्तेजक सापडलं. तिघांचीही नावं खोडली गेली. पहिला कोण, तर चौथा! पत्र आलं त्या दिवशी तिने अख्ख्या गल्लीला सांगितलं. न विचारणाऱ्यांना दोनदा.

सभागृहात शिरतानाच तिला शेवटच्या रांगेत तेव्हाचा पाचवा दिसला होता. तो आता बस चालवायचा, दोन फेऱ्यांच्या मधे गणवेशातच आला होता.

"अजून मागेच का रे तू?" तिने टोमणा मारला.

"सवय झाली, ताई," तो हसला.

संघटनेच्या अध्यक्षांनी भाषण केलं. स्वच्छ खेळ, उशिरा मिळालेला न्याय, वगैरे. मग त्यांनी डबी उघडली आणि पदक हातात घेतलं. भावाने मान पुढे केली नाही.

"थांबा जरा," तो म्हणाला. त्याने फ्रेम उचलून लोकांकडे धरली. "माझा डावा हात बघा. दोन बोटं ब्रेकवर आहेत. अंतिम रेषेवर कोणी ब्रेक दाबतं का?"

पुढच्या रांगेतली माणसं फोटो बघायला वाकली.

"तेव्हा पहिल्या तिघांचीच तपासणी व्हायची. त्या तिघांकडे तपासणीत काही सापडू न देणारे डॉक्टर होते. मला सकाळी कोणीतरी एक सुई दिली होती, ती मी घेतली. शंभर मीटर राहिले तेव्हा सगळ्यात पुढे मी होतो. तेवढ्यात डोक्यात आलं, जिंकलो तर बाटली भरावी लागेल. मी तिघांना पुढे जाऊ दिलं."

अध्यक्ष त्याच्या कानाशी वाकले, पण माईक चालू होता. "अहो, तुमची बाटलीच नाही. आता कोण तपासणार?"

"कोणीच नाही," तो म्हणाला. "म्हणून तर मलाच सांगावं लागतंय."

ती पहिल्या रांगेत बसली होती. ती दोन बोटं तिने रोज पाहिली होती, रोज पुसली होती. खिडकीतून सुनावलेलं एकेक वाक्य तिला आठवलं. उठावं, फ्रेम घ्यावी आणि घरी जाऊन कडी लावावी, असं तिला वाटलं. भाऊ लोकांकडे बघतच नव्हता. तो तिच्याकडे बघत होता. लहानपणी शेजाऱ्यांची काच फोडून आला होता, तेव्हा तिने विचारायच्या आत असाच दारात उभा राहिला होता. हात शरीराशी चिकटलेले, मान ताठ.

ती उठली. मंचावर चढली. भावाकडची फ्रेम काखेत मारली, अध्यक्षांच्या हातातून पदक काढून घेऊन भावाच्या हातात दिलं, त्याचं मनगट धरलं आणि सगळ्या रांगा ओलांडून त्याला मागे घेऊन गेली.

"ऊठ रे," ती पाचव्याला म्हणाली. "किती वर्षं मागे बसणार?"

त्याने टोपी काढली. भावाने पदक त्याच्या गळ्यात घातलं. टाळ्या आधी चुकतमाकत, मग जोरात वाजल्या.

ती फ्रेम काखेत घेऊन बाहेर पडली, फोटोची बाजू लोकांना दिसेल अशी. फाटकात शेजारीण धापा टाकत भेटली. तिची बस चुकली होती.

"संपलं का गं? काय झालं? आपला चौथ्या झाला ना पहिला?"

"नाही. आता तर त्याचा नंबरच नाही," ती म्हणाली, आणि तिचा आवाज नेहमीसारखा गल्लीभर ऐकू जाईल असा चढला. "पण आज माझा भाऊ स्वतःच्या पायांवर आला!"