कॅमेरा वळेपर्यंत

"आलीस? बरं झालं," कोरल म्हणाली आणि पुन्हा हातातल्या कागदांत डोकं घालून बसली.

रोंडा कार्मोडी दारातच थबकली. ब्रन्सविकच्या या चर्चच्या हॉलमध्ये आज चाचणीला कोण कोण असेल, याचा हिशेब तिने ट्राममध्ये बसून केला होता. त्यात कोरल व्हिटी नव्हती. बाहेर एकेचाळीस अंश, उत्तरेच्या वाळवंटाकडून येणारा भाजणारा वारा, आणि आत ही!

"तू अजून कामं करतेस?" रोंडाने गोड आवाजात विचारलं.

"मिळाली तर करते. तुझी ती कवळी चिकटवायच्या मलमाची जाहिरात पाहिली हं. हसलीस छान."

बत्तीस वर्षांपूर्वी दोघी एकाच मालिकेत सख्ख्या बहिणी होत्या. प्रेक्षकांची पत्रं कोरलला जास्त येऊ लागली, तशी रोंडा निर्मात्याकडे गेली आणि म्हणाली, ती तरी राहील नाहीतर मी. महिन्याभरात कोरलची गाडी कथेतल्या तळ्यात बुडाली. रोंडाला त्याचं कधीच वाईट वाटलं नाही. पुढे तिला रंगभूमी मिळाली, सिनेमे मिळाले, सिडनीत लोक उभं राहून टाळ्या वाजवायचे. मग एकेक करत सगळं आटलं. गेल्या अकरा वर्षांत ती एक जाहिरात, बस्स.

म्हणून परवा एजंटचा फोन आला तेव्हा तिने त्याला तेच वाक्य दोनदा बोलायला लावलं होतं. "तूच हवी आहेस, रोंडा. नाव घेऊन मागितलंय. दुसरी कुणी चालणार नाही म्हणे."

नवी मालिका. दोन म्हाताऱ्या बहिणी, आईच्या घरावरून जुंपलेल्या. थोरली विषारी, धाकटी सोशिक. पाठवलेल्या प्रवेशात थोरलीच्या वाक्यांखाली लाल रेघा मारलेल्या होत्या. ही थोरली हातची गेली, तर पुन्हा आपल्याला कुणी बोलावणार नाही, हे रोंडाला पक्कं ठाऊक होतं. सत्तराव्या वर्षी स्वतःला फसवण्यात काय अर्थ!

दिग्दर्शिका टेगन तिच्या लेकीच्या वयाची होती. "रोंडा, तुम्ही इथे बसा. कोरल, तुम्ही त्या खिडकीपाशी, उजेडात."

कॅमेऱ्यामागे नेव्ह होता. रोंडाच्या तीन सिनेमांचं चित्रण त्याने केलेलं. एरवी गळ्यात पडणारा माणूस, आज नुसती मान हलवून बटणांशी चाळे करत राहिला. उकाडा माणसाला तुसडा करतो, रोंडाने मनात म्हटलं.

कॅमेरा तिच्या खांद्यामागे होता, रोख कोरलवर. म्हणजे आधी धाकटीचा चेहरा टिपणार, मग कॅमेरा वळवून थोरलीचा. चाळीस वर्षं तिने याच पद्धतीने कामं केली होती. माझी पाळी कधी, असले प्रश्न नवख्या पोरी विचारतात, रोंडा कार्मोडी नाही.

आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून बसलेल्या नटीने समोरचीला किती द्यायचं, हे तिच्या मर्जीवर असतं. भल्या बायका जीव ओतून बोलतात, म्हणजे समोरचीचा चेहरा खुलतो. रोंडाने वाण्याची यादी वाचावी तशी आपली वाक्यं वाचली. एकदा तर मध्येच जांभई दिली.

कोरलचा चेहरा कोराच राहिला. टेगनने कपाळ चोळलं. "काहीच होत नाहीये. पुन्हा घेऊ."

दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. रोंडाला फार बरं वाटलं.

कोरल पाण्याचा घोट घेऊन म्हणाली, "जाऊ दे गं टेगन. हिला आता एवढंच जमतं. मला तळ्यात बुडवलं तेव्हा दात तरी स्वतःचे होते बिचारीचे."

नेव्ह फिसकन हसला. रोंडाची कानशिलं तापली. हसतोस काय मेल्या! तिने कागद बाजूला ठेवले, खुर्ची पुढे ओढली आणि कोरलच्या डोळ्यांत डोळे घातले.

"घर माझं आहे. आईला तू नकोच होतीस," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. तिला चढवावा लागत नसे. एकेक वाक्य तिने टाचणीसारखं टोचलं. मग कागदावर नव्हतं तेही बोलली. "तुला घालवलं ना, तेव्हा ती कुठे गेली म्हणून कुणी विचारलंसुद्धा नाही. एका माणसानेही नाही."

कोरलचे ओठ थरथरले. डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं, तिने पुसलं नाही. मग अगदी हळू तिने आपलं शेवटचं वाक्य म्हटलं, "घर तू ठेव. मला तिची शिवणाची पेटी दे, बाकी काही नको."

नेव्हने चष्मा काढून पुसला.

संपवली हिला, रोंडाच्या मनात आलं. आता माझी पाळी. तिने केस सारखे केले, ओठांवरून जीभ फिरवली, पाठ ताठ केली. थोरली तिच्या अंगात पुरती भिनली होती. असं काम तिच्या हातून कित्येक वर्षांत झालं नव्हतं, आणि आता ते चेहऱ्यावर दिसणार होतं.

नेव्हने कॅमेरा तिपाईवरून उतरवला.

"इकडे लावतोयस ना?" रोंडा म्हणाली. "माझी डावी बाजू घे. तुला माहितीच आहे."

नेव्हने मान वर केली नाही. त्याने भिंगावर झाकण बसवलं.

खिडकीपाशी टेगनने कोरलला मिठीच मारली होती. "धाकटी तुमचीच! थोरली करणार आहेत त्या बाई लंडनहून पुढच्या आठवड्यात येतायत, त्यांना हे दाखवते मी."

कोरलने डोळे पुसले, पिशवी उचलली आणि जाता जाता रोंडाच्या खुर्चीपाशी थांबली.

"टेगन मला विचारत होती, तुमच्या चाचणीच्या वेळी समोर कुणाला बसवू? मी म्हटलं, अख्ख्या देशात माझा इतका मनापासून द्वेष करणारी एकच बाई आहे, तिलाच बोलाव."