वहिनीची गाठ

“आजही मासा निसटला तर उद्यापासून होडीत यायचं नाही, वहिनी,” दिराने बजावलं. गळाला दोरा तोच बांधायचा, आणि त्याची गाठ दागिन्यासारखी देखणी. फक्त मोठा मासा लागला की तुटायची, आणि खापर दोऱ्यावर, नाहीतर वहिनीवर फुटायचं. आज वहिनीने स्वतःच दोरा दुहेरी करून गळाच्या नेढ्यातून ओवला, साधी गाठ मारली, उरलेल्या फासातून अख्खा गळ काढला आणि गाठीला जीभ लावली. “बटण लावताय का?” तो हसला. “कोरडी गाठ ओढली की दोरा घासून जळतो, भाऊजी,” म्हणत तिने ती सावकाश आवळली, गळावर रबरी गांडूळ चढवलं. ते पाण्यात पडतंय तोच तिच्या हातातली गळाची काठी कमानीसारखी वाकली. होडी कलंडायला आली, दिराने डोळे मिटले. उघडले तेव्हा पायाशी हातभर मासा तडफडत होता. ओठात गळ, गळावर गाठ जशीच्या तशी. दिराने घसा खाकरला. “उद्या किती वाजता निघायचं, वहिनी?”