जुन्या खुणेशेजारी

"अजून खाली. गेल्या वर्षीच्या भोकाची खूण दिसतेय ना? तिच्या अगदी शेजारी," खिडकीतून गिझेल म्हणाली.

फेर्नांनं गिरमिट टेकवून फिरवलं. मेपलच्या खोडातून तपकिरी भुसा गळला. त्यानं तोटी ठोकली, खाली बादली अडकवली आणि पुढच्या झाडाकडे वळला.

जन्मभर त्यानं क्वीबेकच्या रस्त्यांवर बस चालवली होती. परसातली झाडं त्याच्या बायकोची, गिझेलची. तिचं माहेर मेपलच्या रसाचा पाक आटवणाऱ्यांचं. कुठलं झाड किती रस देईल, हे ती बुंध्यावर हात ठेवून सांगायची. यंदा मात्र तिला खिडकीजवळच्या पलंगावरून उठवत नव्हतं. पुढच्या हिवाळ्याचं डॉक्टरांनी नावही काढलं नव्हतं. जाण्याआधी आपल्या झाडांचा ताजा पाक चाखायचा, एवढंच तिचं मागणं होतं.

रात्री पाणी गोठवणारी थंडी, दिवसा छान ऊन. रसाला याहून चांगली हवा नाही. तरी बादल्यांचे तळसुद्धा झाकले जाईनात.

"रेझाँला विचार ना," ती म्हणाली.

रेझाँ हा त्याचा धाकटा भाऊ, कुंपणापलीकडेच राहणारा. वडिलांची पाक आटवायची कढई कुणाची, यावरून दोघांचं फाटलं ते फाटलंच.

"त्याच्या दारात मी? मेलो तरी नाही!"

"मरायचं काम माझ्याकडे आहे. तू नुसतं कुंपण ओलांड." ती हसली, मग खोकत राहिली. "मी गेल्यावर बोलणार कुणाशी? बादल्यांशी?"

झाडांच्या कळ्या फुगायला लागल्या. त्या उमलल्या की रस कडवट होतो. शेवटी फेर्नांनं टोपी चढवली आणि नाक मुठीत धरून भावाचं दार वाजवलं.

"काय रे, बस चुकली वाटतं?" रेझाँ म्हणाला, पण कोट घालून लगेच निघाला. झाड पाहून त्यानं कपाळावर हात मारला. "अरे ड्रायव्हर, जुन्या खुणेशेजारचं लाकूड मेलेलं असतं! तपकिरी भुसा दिसला नाही? कुणी सांगितलं तुला हे?"

"माझंच चुकलं," फेर्नां म्हणाला. दुखण्यानं तिची झाडंही तिच्या डोक्यातून पुसली गेली, असं त्याला वाटलं. तिला हे कधी कळू द्यायचं नाही, असं त्यानं ठरवलं.

रेझाँनं वीतभर बाजूला नवं भोक पाडलं. भुसा दुधासारखा पांढरा निघाला. तोटी ठोकायच्या आतच रस टपकू लागला.

बादल्या भरत गेल्या. दोघा भावांनी त्याच कढईत रस आटवला, भांडले, हसले, पुन्हा भांडले. फेर्नां गरम पाकाचा चमचा घेऊन आत आला. गिझेलनं डोळे मिटून तो चाखला.

"तू सांगितलंस तिथंच भोकं पाडली," तो म्हणाला. "जागा अगदी बरोबर निघाली तुझी."

"खोटारडा! खुणेशेजारी थेंब मिळत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे." तिनं त्याचा हात धरला. "रेझाँ गेला नाही ना अजून?"