बिनविस्तवाचा नाताळ

नाताळच्या सकाळी शेजारचा वितोमिर पहिला पाहुणा म्हणून ओकची वाळकी फांदी घेऊन, उजवा पाय आधी टाकून आत आला. घरच्या सुनेनं, लिल्यानानं, त्याच्या टकलावर मूठभर गहू उधळले. आणि मग सगळेच स्वयंपाकघराच्या मधोमध थबकले. ढवळायला विस्तवच नव्हता.

"ख्रिस्त जन्मला," वितोमिर म्हणाला.

"खरंच जन्मला," देसानकानं खुर्चीवरून उत्तर दिलं. "पण शेकायला त्याला दुसरं घर बघावं लागणार."

तिच्या मुलानं, गोय्कोनं, आपल्या घरातली लोखंडी चूल काढून टाकली होती. वितोमिरनंच फरशीखाली विजेच्या तारांची जाळी अंथरून दिली होती. देसानकाचे गुडघे धरतात, गावच्या दगडी घरात तिनं एकटीनं हिवाळा काढू नये, म्हणून हा सगळा खटाटोप. आणि देसानका कोट घालून, गळ्याशी बटण लावून बसली होती.

"पहिल्या पाहुण्यानं विस्तव ढवळायचा. ठिणग्या उडतील तितकी घराला बरकत," ती म्हणाली. "माझ्या सासूच्या सासूपासून हे असंच. विस्तव नाही ते घर कसलं? दुपारच्या बसनं मी माझ्या चुलीकडे निघाले."

"आई, तिथं नळातलं पाणीसुद्धा गोठलंय."

"गोठू दे. चूल तर आहे."

गोय्कोनं वितोमिरकडे पाहिलं. "तू बसवलंस. आता तूच निस्तर."

वितोमिरनं चारी भिंती न्याहाळल्या. मग दाराजवळच्या तापमानाच्या डबीपाशी गेला, ओकच्या फांदीनं तिला हलकेच स्पर्श केला, आणि चर्चमध्ये म्हणावं तशा आवाजात म्हणाला,

"जितकी ऊब या भुईत
तितकी मेंढरं कळपात,
तितकी लेकरं अंगणात,
तितकं हसू वर्षात."

"किती आकडा दिसतोय?" देसानकानं विचारलं.

"बावीस."

"बावीस मेंढरं." तिनं तोंड वाकडं केलं. "माझा नवरा अर्धा कळप जुगारात हरला, त्या सालीसुद्धा आमच्याकडे याहून जास्त होती. ठिणग्यांचं बरं होतं बाबा. कुणी मोजायचं नाही. देव किती देणार ते त्याचं त्याला ठाऊक."

"सत्तावीसपर्यंत नेतो, काकू. त्याच्यापुढे डबीच जात नाही."

"मग ने की. मेंढरांत कसली काटकसर?"

वितोमिरनं कळ फिरवली. गोय्कोनं विजेच्या बिलाचा विचार केला आणि तो गिळून टाकला.

"आता बस," देसानका म्हणाली.

वितोमिर बुटक्या तिवईवर टेकतोय तोच तिनं ती मागून ओढली. तो धपकन फरशीवर बसला. हेही रीतीतलंच. पाहुणा भुईला लागला की सुख घर सोडून जात नाही. लगेच तिनं मेंढीच्या लोकरीचं जाडजूड घोंगडं त्याच्या कानापर्यंत गुंडाळलं.

"काकू, मी बजावून गेलो होतो ना. या फरशीवर घोंगडं टाकायचं नाही. धग खाली कोंडते."

"कोंडू दे. पाहुणा घोंगड्यात शेकला की वर्षभर दुधावर जाड साय येते."

"पण तुमच्याकडे गायच नाही."

"तुझ्याकडे आहे ना? मग गप बस. हललास तर साय फाटेल."

वितोमिर गप बसला. लिल्यानानं रीतीप्रमाणे साखर घालून उकळलेली आलुबुखाराची दारू त्याच्या हातात दिली. पाहुण्यानं नको म्हणायचं नसतं. खालून तारा, वरून लोकर, पोटात दारू. त्याचे गाल आधी गुलाबी झाले, मग बिटासारखे लाल.

"काम मात्र चोख केलंस हं," गोय्को म्हणाला.

"अजून किती वेळ बसायचं?"

"यंदा किती साय हवी, त्यावर आहे," देसानका म्हणाली.

वितोमिरच्या भुवईतून घामाचा एक थेंब निघाला. नाकाच्या शेंड्यावर येऊन लोंबला. खिडकीबाहेरच्या बर्फाचा उजेड त्यात क्षणभर पेटला, आणि थेंब फरशीवर पडला. देसानका पुढे वाकली. दुसरा पडला. मग तिसरा, लखकन. मग टकलावरून, कानामागून, हनुवटीवरून अशी रांगच लागली. मोजणार कोण?

देसानकाचे ओठ हलू लागले.

"एक थेंब कोकराला,
एक थेंब वासराला,
एक माझ्या नातवाला,
उरला तो गावाला."

म्हणता म्हणता ती खुर्चीवरून कधी खाली उतरली, तिचं तिलाच कळलं नाही. गुडघे दुमडून ती फरशीवर बसली. मग गळ्याचं बटण सुटलं, मग कोट. लिल्यानानं गोय्कोला कोपरानं ढोसलं. दोघांनी श्वाससुद्धा जपून घेतला.

"उठू का, काकू?" घोंगड्यातून आवाज आला. कुणी लक्ष दिलं नाही.

देसानकानं पाय लांब केले. एक गुडघा वाकवून पाहिला. मग दुसरा.

"गोय्को."

"काय गं?"

"उद्या गावी जा आणि माझ्या कोंबड्या घेऊन ये. सगळ्या."

लिल्याना घाईघाईनं म्हणाली, "आणू की, आई. अंगणात त्यांना छान खुराडं बांधू."

"अंगणात?" देसानका फरशीवरून तळवा फिरवत म्हणाली. "या थंडीत?"