पांढरे दाणे

पडद्यावरचा आकडा चाळिसावरून बावन्नावर गेला, तसे मामा मशीनजवळ सरकले. टेबलावर एक बसड्रायव्हर गाढ झोपला होता, सर्जन त्याच्या पोटात गुंतले होते आणि त्याच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड कुणाला न विचारता वाढत चालला होता.

मामा भुलीच्या मशीनचे टेक्निशियन. सव्वीस वर्षं मशीन त्यांच्याच हातात. जुने डॉक्टर गॅस असा सोडायचे, जसा काही नळ उघडा टाकून अंगण धुताहेत. निम्मी भूल वाया जायची आणि मशीनच्या डब्यातल्या दाण्यांकडे कुणी फारसं बघतही नसे. भूल देणाऱ्या नव्या मॅडमना ही उधळपट्टी बघवत नसे. त्या गॅस अगदी बारीक ठेवायच्या आणि पेशंटने सोडलेल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड गाळून ती त्यालाच परत द्यायच्या. गाळायचं काम त्या पांढऱ्या दाण्यांचं. दमले की ते जांभळे पडतात, मग बदलायचे.

काल संध्याकाळी ते जांभळे होते. सकाळी बदलू म्हणून मामा घरी गेले. सकाळी येऊन बघतात तर डबा पांढराशुभ्र. आपल्याच डोळ्यांना नावं ठेवत त्यांनी तो तसाच राहू दिला.

मॅडमनी नळी तपासली, छाती ऐकली. मग शांतपणे विचारलं, "मामा, दाणे कधी बदलले? ताजे असतील तर दोष ह्यांच्या अंगात शोधावा लागेल. ऑपरेशन थांबवावं लागेल."

'सकाळीच' हा शब्द मामांच्या अगदी ओठांवर आला होता. सव्वीस वर्षांत त्यांच्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं. त्यांनी ड्रायव्हरच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं.

"बदलले नाहीत, मॅडम. काल जांभळे होते, आज पांढरे दिसले."

साचलेली हवा बाहेर जावी म्हणून मॅडमनी तिथल्या तिथे गॅस मोठा केला. मामांनी डबा बदलला. दहा मिनिटांत आकडा उतरला. तासाभराने ड्रायव्हरने डोळे उघडून विचारलं, ऑपरेशन सुरू कधी करताय? सगळे हसले. मामांना हसू आलं नाही.

ते कोपऱ्यात उभे राहिले, बोलणी खायच्या तयारीनं. मॅडम हातमोजे काढत जवळ आल्या.

"रात्रभर विसावा मिळाला की हे दाणे पुन्हा पांढरे दिसतात, मामा. कामाचे मात्र राहत नाहीत. मीही एकदा अशीच फसले होते."

त्यांनी हातमोजे कचऱ्यात टाकले.

"फक्त मला विचारलं, तेव्हा मी 'बदललेत' म्हणाले होते."