खिशातले हात

मॅरियनने पळता पळताच हात वर केला. "गुड मॉर्निंग, मिस्टर टॅपस्कॉट!"

विल्फ टॅपस्कॉटने दोन्ही हात कोटाच्या खिशात खुपसले आणि मान फिरवून तो पलीकडच्या मेंढ्यांकडे बघू लागला.

"दगडाला एक वेळ पाझर फुटेल," मागून धापा टाकत येणारी जिल म्हणाली, "या माणसाला नाही. रोज कशाला तोंड वाया घालवतेस गं?"

"सवय," मॅरियन म्हणाली.

सवय वीस वर्षांची होती. नेदरकूममध्ये पळायला निघालेला प्रत्येक जण चर्चमागून ओढ्याकडे उतरायचा, विल्फच्या लांब शेताच्या कडेने टेकडी चढायचा आणि गिरणीवरून परतायचा. ही वाट सोडली, तर उरायचा तो मोठा रस्ता. त्याला कडेला पाय ठेवायला जागा नाही, आणि वळणावर दुधाचे ट्रक अंगावर येतात. विल्फची बायको बेरिल तिथेच एका ट्रकखाली सापडली होती. जीव वाचला, पण तेव्हापासून ती काठी टेकत चालते.

बेरिल मात्र लाघवी बाई. फाटकाशी अंडी विकायची, मॅरियनच्या गुडघ्याची चौकशी करायची. फक्त शेतातल्या वाटेचा विषय निघाला, की तिची एकदम गडबड व्हायची. "सहा देऊ की बारा?" नवऱ्याच्या तुसडेपणाची लाज वाटत असणार बिचारीला, असं मॅरियन धरून चालायची.

विल्फ आळशीही असावा. नांगरताना कुंपणालगतचा पट्टा दरवर्षी तसाच सोडून द्यायचा. वादळात ओढ्याजवळची लाकडी पायरी मोडली, तेव्हा चार दिवसांत तिथे नवी फळी ठोकलेली दिसली. ते काम पंचायतीने केलं असणार.

शेत दोघा भावांच्या नावावर होतं. धाकटा क्लाइव्ह दूर बोर्नमथला राहायचा आणि शेताचं काहीही द्यायचं-विकायचं, तर सही त्याचीही लागायची. गावाने एकदा मुलांच्या खेळासाठी कोपऱ्यातला तुकडा मागितला होता. क्लाइव्हने दोन ओळींत नाही म्हणून कळवलं. या वसंतात त्याने हट्टच धरला आणि शेत विकलं गेलं. लंडनच्या नव्या मालकाने फाटकाला कुलूप घातलं, वर पाटी ठोकली. खासगी.

मॅरियन त्या पाटीसमोर उभी राहून रडली. नवरा गेला त्या वर्षी ती अंथरुणातून उठतच नव्हती. याच वाटेने तिला पुन्हा माणसांत आणलं होतं.

"रडू नकोस, अर्ज करू," जिल म्हणाली. पंचायतीचं कामकाज तीच बघायची. "लोकांनी वीस वर्षं उघडपणे वाट वापरली आणि मालकाने अडवलं नाही, तर वाट लोकांची होते."

"मग झालंच की!"

"थांब. मालकाने 'खुशाल जा' म्हटलं असेल, तर ती झाली मेहेरबानी. मेहेरबानी केव्हाही काढून घेता येते. आणि 'येऊ नका' म्हटलं असेल, तरीही संपलं."

मॅरियनच्या डोळ्यांपुढे तो फिरवलेला चेहरा आला. "त्याला साक्षीला बोलावणार?"

"नव्या मालकाचा वकील बोलावणार आहे."

"मग 'अडवलं होतं' असंच म्हणेल तो. खोटं बोलेल, पण म्हणेल."

गावच्या सभागृहात चौकशीच्या दिवशी बसायला जागा नव्हती. विल्फ खिशात हात घालून पुढे उभा राहिला. वकील गोड बोलणारा होता.

"तुम्ही जुन्या वळणाची माणसं, मिस्टर टॅपस्कॉट. शेजारधर्म म्हणून, 'खुशाल जा' अशा अर्थी, कधी हात केला असेल यांना?"

"नाही."

"नुसती मान डोलावली असेल?"

"नाही."

"या बाई रोज सकाळी तुम्हाला गुड मॉर्निंग म्हणत. वीस वर्षांत तुम्ही एकदाही उत्तर दिलं नाही?"

"नाही."

सभागृहात खसखस पिकली. मॅरियन कानापर्यंत लाल झाली. अख्ख्या गावासमोर इतका अपमान तिचा कधी झाला नव्हता.

"म्हणजे यांचं येणं तुम्हाला खपत नव्हतं," वकील म्हणाला. "मग अडवलं असेलच."

मॅरियनने डोळे मिटून घेतले.

"नाही," विल्फ म्हणाला. "अडवलं नाही. काहीच म्हटलं नाही."

"का बरं?"

"कुणी काही विचारलंच नव्हतं."

निकाल यायला उन्हाळा सरला. वाट लोकांची ठरली. मॅरियनचा जीव भांड्यात पडला. त्या संध्याकाळी पबमध्ये जिलने ग्लास उंचावला. "विल्फ टॅपस्कॉटच्या उद्धटपणाला!" सगळे खो खो हसले, सगळ्यात जास्त मॅरियन. एखाद्याचं वाईट वळण गावाच्या इतकं कामी आल्याचं तिने तरी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाचं कुलूप निघालेलं होतं. ओलं गवत पायांखाली घेत ती शेताच्या कडेने निघाली, तेव्हा इतकं हलकं वाटत होतं, की गुडघ्याची आठवणही झाली नाही. वळणावर विल्फ उभा होता. आज शेजारी बेरिलही होती.

"गुड मॉर्निंग, मिस्टर टॅपस्कॉट!" मॅरियन सवयीने म्हणाली आणि पुढे निघाली.

"अगं, थांब जरा!" बेरिलने काठी उंचावली. "निकाल पक्का ना? आता कुणाच्या बोलण्याने फिरायचा नाही ना?"

"नाही. आता ही वाट कुणीच काढून घेऊ शकत नाही."

बेरिलने नवऱ्याला कोपराने ढोसलं. "ऐकलंस? सुटलास एकदाचा."

विल्फने उजवा हात सावकाश खिशातून बाहेर काढला आणि डोक्याच्याही वर नेला.

"गुड मॉर्निंग, मॅरियन," तो म्हणाला. "वीस वर्षांचे सगळे एकदम घे."