जोडीचा अर्ज

एल्क हरणाच्या शिकारीचा परवाना आपल्या नावावर आलेला पाहून व्हर्ना चक्रावली. तिने थेट शिकार खात्यात फोन लावला.

“पोरी, काहीतरी घोळ झालाय. अर्ज माझा नवरा करायचा, आर्लो. वीस वर्षं सोडतीत नंबर लागला नाही, आणि मार्चमध्ये गेला बिचारा.”

“घोळ नाही, काकू. दहा वर्षांपासून अर्ज तुम्हा दोघांच्या नावाचा आहे. सोडतीत नंबर हुकला की दर वर्षी एक गुण जमा होतो; त्यांचे भरपूर साठले होते, एकट्याने भरला असता तर केव्हाच मिळाला असता. पण तुमची सुरुवात शून्यापासून, त्यामुळे जोडीची सरासरी खाली आली.”

“अगं, पण मी कधी बंदूक धरली नाही.”

फोन ठेवून व्हर्नाने कपाट उघडलं. दहा वर्षांपूर्वी आर्लोने शिकारीचं नारिंगी जाकीट आणलं होतं, त्याच्यापेक्षा दोन मापं लहान. ‘वेंधळा कुठला,’ म्हणून तिने त्याला झापलं होतं. आज अंगात घातलं, तर तिला नेमकं बसलं.